चौथ्या कोपऱ्यातला घास

कुकटपल्लीच्या त्या अपार्टमेंटच्या फाटकाला चैत्रात कॅमेरा बसला आणि एकोणीस वर्षं त्याच फाटकाची कडी काढणारा-घालणारा सूर्यभान एका दिवसात फालतू झाला. कमिटीने त्याला शाल दिली, शालीसकट त्याचा फोटो काढला आणि सेलारमधली, म्हणजे तळघरातली खोली महिनाअखेर रिकामी करायला सांगितली. शाल नायलॉनची होती. त्याच्या बायकोने, भागूबाईने ती चुरगाळून पाहिली आणि बाजूला टाकली. वाकळीत भराव म्हणूनसुद्धा ती चालली नसती.

वाकळीतलं मात्र भागूबाईला कुणी शिकवू नये. बिलोलीकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन ती हैदराबादेत आली, ती सासूने दिलेलं दाभण आणि अंगुस्ताना घेऊनच. अपार्टमेंटमधल्या तेलुगू बाया आपल्या जुन्या साड्या तिच्याकडे आणून टाकायच्या आणि बोंता शिवून दे अम्मा म्हणायच्या. वाकळीला त्या बोंता म्हणत. बाळंतपण असो, आजारपण असो, भागूबाईच्या बोंत्याशिवाय कुणाचं पान हलत नसे. पुढे घरोघरी एसी आले, एसीबरोबर दुकानातले जाड रग आले आणि साड्या येईनाशा झाल्या.

आता ते कारखान्यांच्या मागच्या गल्लीत पत्र्याच्या एका खोलीत राहायला आले होते. दुपारी पत्रा असा तापायचा की तांब्यातलं पाणी कोमट व्हायचं. सूर्यभान रोज नव्या नोकरीसाठी फाटकं हिंडून यायचा आणि वय सांगितलं की परत फिरायचा. त्यात मुलगा आदर्श ज्या दुकानात होता ते आबिड्समधलं कॅमेऱ्याचं दुकानही बंद पडलं. बाप-लेक दोघं एकाच महिन्यात घरी बसले.

आदर्श तिशीचा, डोक्याने तल्लख आणि घायकुता. त्याने आठ दिवस मोबाइलमध्ये डोकं खुपसलं आणि नवव्या दिवशी जाहीर केलं की आता कुणाची चाकरी नाही, आपण वाकळींची वेबसाइट काढायची. वेबसाइट म्हणजे काय हे त्याने आईला समजावलं. दुकानच, पण त्याला शटर नाही, भाडं नाही आणि साऱ्या दुनियेला ते घरबसल्या दिसतं.

"मंग चोरालाबी दिसत असंल," भागूबाई म्हणाली.

तो हसला. सून रूपालीही हसली. भागूबाईला बरं वाटलं, कारण त्या खोलीत आल्यापासून कुणी हसलं नव्हतं.

फोटो काढायच्या दिवशी रूपालीने खोली झाडून घेतली, चुलीकडचा काळा कोपरा चादरीने झाकला. भागूबाई वाकळीवर मांडी घालून बसली, सुई हातात धरली. आदर्शने दोन-तीन फोटो काढले, बघितले आणि ओठ चावला. आईचे दात मिश्रीने काळे झालेले, समोरचे दोन पडलेले. त्याने सांगितलं, तोंड नको, नुसते हात घेतो. मग हात पाहिले. भागूबाईच्या उजव्या तर्जनीला दाभणाने पडलेले घट्टे होते, अंगठ्याचं नख अर्धं काळं होतं, पेरांना भेगा. रूपालीने त्यावर आपलं क्रीम चोळलं. भेगांत क्रीम पांढरं दिसायला लागलं.

"रूपा, तू बस एक मिनिट," आदर्श म्हणाला.

रूपाली बसली. तिच्या हातावर भाच्याच्या लग्नातली मेंदी अजून होती. भागूबाईने आपल्या बोटातला अंगुस्ताना काढून सुनेच्या बोटात घातला. तो सैल होत होता, म्हणून आत चिंधी कोंबली. सुई उलटी धरली आहे हे तिने दाखवून दिलं तर आदर्श म्हणाला, राहू दे, कुणाला कळतंय. वेबसाइटच्या पहिल्या पानावर ते हात आले. बाजूला लिहून आलं की या वाकळी आमच्या घरच्या बायका परंपरेने शिवतात. भागूबाईला वाचता येत नव्हतं. पण हात कुणाचे हे ओळखायला वाचता यावं लागत नाही.

घरात वाकळी चार. कोनाड्यातल्या तिन्हींचे फोटो झाले. मग आदर्शने पत्र्याची पेटी उघडली.

"ती नको," भागूबाई उठलीच. "ती तुह्या बहिणीची हाय."

त्रिवेणी तिची थोरली. निजामाबादला दिली होती. दोन वर्षांपूर्वी डेंगूने चार दिवसांत गेली. सासरच्यांनी महिन्याभराने एका गाठोड्यात तिच्या पाच साड्या पाठवून दिल्या आणि संबंध संपवला. त्यातल्या चार साड्यांची भागूबाईने वाकळ केली. जांभळी, पिवळी, हिरव्या ठिपक्यांची आणि एक मोरपंखी, जी नेसून त्रिवेणी शेवटची माहेरी आली होती. पाचवी लग्नातली, पांढरी, निळ्या काठाची. त्या साडीला कात्री लावायचा भागूबाईला धीर झाला नव्हता. आणि वाकळीचे तीन कोपरे शिवून झाले, चौथा तिने उघडाच ठेवला होता. चौथा बुजवला की काम संपतं आणि तिला ते संपवायचं नव्हतं.

"माय, फोटोच काढतो गं. फोटो काढून काय झिजते का ती?" आदर्श म्हणाला. "चारात एक तरी झकास पाहिजे ना."

फोटोने वाकळ झिजत नाही हे खरंच होतं. तिने दिली. बाहेर लिंबाखाली बाजेवर टाकून त्याने फोटो काढला, उघडा कोपरा आत दुमडून. वेबसाइटवर प्रत्येक वाकळीला नाव द्यावं लागतं म्हणे. या वाकळीचं नाव त्याने 'त्रिवेणी' ठेवलं. संध्याकाळी सूर्यभानने मोबाइलवर ते वाचून दाखवलं तेव्हा भागूबाईला भरून आलं. लेकीचं नाव कुठे तरी लिहिलं गेलं, एवढंच तिला कळलं.

त्यानंतर घरात कामाची एकच धांदल उडाली. दुकान भरलेलं दिसायला निदान बारा वाकळी हव्यात, असा आदर्शचा हिशेब. सूर्यभान आणि तो कोठी भागातल्या जुन्या कपड्यांच्या बाजारातून साड्यांची गाठोडी खांद्यावर घालून आणत. भागूबाई त्या सोड्यात उकळायची, बडवायची, पत्र्यावर वाळवायची. मग खाली अस्तर अंथरायचं, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे, वर थर लावायचे, काठाने टाचून घ्यायचं आणि कडेकडेने धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचं. दिवसभर गुडघा मोडून बसल्यावर संध्याकाळी तिला भिंत धरून उठावं लागे. घामाने सुई सुटायची म्हणून ती बोटांना राख लावायची. रूपाली राखेचे डाग पडतात म्हणून ओरडायची. डाग कधी पडले नव्हते, पण मेंदीच्या हातांचा फोटो लागल्यापासून रूपालीचा आवाज चढला होता.

आणि प्रत्येक वाकळीचा शेवटचा कोपरा बुजवण्याआधी भागूबाई त्यात भाकरीचा वाळलेला तुकडा घालायची. नखाएवढा. त्याला घास म्हणतात. तिच्या सासूने शिकवलेलं होतं की वाकळ उपाशी शिवायची नाही, पोटात घास असला की ती पांघरणाऱ्याला ऊब देते. उन्हात खडखडीत वाळवलेल्या ज्वारीच्या भाकरीला काही होत नाही. चाळीस वर्षांत एकाही वाकळीची तक्रार आली नव्हती.

मृगाच्या सुमारास त्रिवेणीला जाऊन दोन वर्षं झाली. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली, सूर्यभानने वंदना म्हटली. मग भागूबाईने पेटीतून वाकळ काढली. आता तरी चौथा कोपरा बुजवावा, पोरीला किती दिवस उघडी ठेवायची, असं तिच्या मनाने घेतलं. तिने तव्यावरची ताजी भाकरी मोडली. त्रिवेणीला भाकरीवर गूळ-तूप लागायचं, त्याशिवाय ती जेवणावरून उठायची नाही. भागूबाईने तुकड्याला तूप चोपडलं, गुळाचा खडा दाबला, कोपऱ्यात घातला आणि रडत रडत टाके घातले. ओला घास घालू नये हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण लेकीला वाळका तुकडा द्यायला तिचा हात धजला नाही. वाकळ पेटीतच राहणार होती.

आठ दिवसांनी दुपारी ती कारखान्याच्या नळावर साड्या धुवायला गेली. परत आली तर पेटीची कडी उघडी होती. आत पांढरी साडी तेवढी होती.

आदर्श जेवत होता. त्याने मान वर न करता सांगितलं की पहिली ऑर्डर आली, बंगळूरहून, कुणी तन्वी मॅडम आहेत, आणि त्यांना तीच पाहिजे होती. पहिलीच ऑर्डर परतवली तर वेबसाइट खाली जाते, मग कुणाला दिसत नाही.

"फोटोच काढतो म्हनला होतास तू."

"हौ, म्हनलो होतो. आता आली ऑर्डर तर काय करू? बाप घरी, मी घरी. ताई असती तर तीच दिली असती काढून."

ते खरं होतं. त्रिवेणीने दिली असती. पण त्रिवेणीने दिलेली वेगळी आणि आपल्या पाठीमागे पेटी उघडून नेलेली वेगळी. ती सूर्यभानकडे बघत राहिली. सूर्यभानने हळूच सांगितलं, जाऊ दे, पोराच्या पोटावर पाय देऊ नको. एकोणीस वर्षं फाटक सांभाळलेला माणूस. घरातली पेटी सांभाळायचं त्याला सुचलं नाही.

पाच दिवसांनी बंगळूरहून फोटो आला. वाकळीचा कोपरा उसवलेला, त्यात काळा-हिरवा पडलेला भाकरीचा तुकडा आणि काठावरून जाणारी मुंग्यांची रांग. खाली त्या बाईने सगळ्या दुनियेला दिसेल असं लिहिलं होतं. रूपालीने ते मोठ्याने वाचून दाखवलं. घाणेरडं. किळसवाणं. या लोकांना स्वच्छता माहीत नाही. कुणीही इथून काही घेऊ नका.

आदर्शच्या तोंडचं पाणी पळालं. रूपालीची मात्र तळपायाची आग मस्तकाला गेली. कोपऱ्यात काय कोंबलं होतं म्हणून तिने सासूला विचारलं. भागूबाईने सांगितलं, घास. गूळ-तूप लावलेला.

"वाकळीला जेवू घालता तुम्ही, आत्याबाई?" रूपाली म्हणाली. "आनि आम्ही काय खावं?"

तिने कात्री घेतली आणि रचून ठेवलेल्या नऊच्या नऊ वाकळी खाली ओढल्या. एकेकीचा कोपरा उसवून बोट घालून तुकडा काढायची आणि भागूबाईच्या पुढ्यात टाकायची. नऊ तुकडे झाले. सगळे कोरडे, खडखडीत, एकालाही मुंगी लागलेली नव्हती. भागूबाईने ते पदरात वेचून घेतले. आदर्शने बजावलं की यापुढे प्रत्येक वाकळ रूपाली तपासणार, चारी कोपरे दाबून बघणार, मगच ती पार्सलात जाणार.

मग त्याने वेबसाइटवर त्या बाईला उत्तर लिहिलं. आधी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं आणि रूपालीला वाचून दाखवलं. आम्हाला अतिशय खेद आहे. आपले पैसे परत केले आहेत. ज्या कामवालीकडून ही चूक झाली तिला आम्ही कामावरून काढून टाकलं आहे.

भागूबाई तीन हातांच्या अंतरावर बसून दहाव्या वाकळीत धावदोरा घालत होती. तिने सगळं ऐकलं. तिची सुई थांबली नाही. पण तिला राग आला नव्हता, अपमानही आत पोचला नव्हता, कारण तिने भलतंच काही ऐकलं होतं. पैसे परत केले. म्हणजे वाकळ परत येणार. तिला मनातून इतका आनंद झाला की तिने तो सुनेला दिसू नये म्हणून मान खाली घातली.

दुसऱ्या दिवसापासून तिची नजर गल्लीच्या तोंडाशी. कुरिअरवाल्याची गाडी वाजली की ती हातातलं टाकून उंबऱ्यात यायची. वाकळ आली की आधी धुवायची, कडक उन्हात दोन दिवस घालायची, कोपरा परत शिवायचा, या खेपेला वाळवलेला घास घालून. आणि पेटीला कुलूप. कुलूप तिने सूर्यभानला सांगून आणवूनही ठेवलं. पाऊस सुरू झाला, पत्रा चार ठिकाणी गळायला लागला. ती पेटी कोरड्या जागी सरकवत राहिली. असे बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी तिने आदर्शला विचारलं, बहिणीची वाकळ कधी येते.

आदर्शला आधी कळेचना. कळलं तेव्हा तो म्हणाला की ती येत नसते, मागवायला जेवढा खर्च येतो तेवढ्यात दुसरी होते. त्या बाईला सांगितलंय, ठेवा नाहीतर टाकून द्या.

भागूबाईने कानातली फुलं काढून त्याच्यापुढे ठेवली. यातून मागव म्हणाली. तेही नको असेल तर पत्ता दे, मी जाते बंगळूरला गाडीत बसून, दारात उभी राहून मागून आणते. आदर्शने फुलं तिच्या हातात परत कोंबली.

"कस्टमरला दिलेली चीज परत मागितली तर काय होते ठाऊक हाय का? हात जोडतो माय, त्या वाकळीचं नाव नक्को काढू आता."

वेबसाइट महिनाभर मेल्यासारखी पडून राहिली. सूर्यभानला एका गोदामावर रात्रपाळी मिळाली, उभ्याची, खुर्ची नसलेली. त्याचे पाय सुजायला लागले. भागूबाई रोज ते चेपायची.

आणि एक दिवस आदर्श ओरडतच आत आला. रूपाली धावली. बंगळूरच्या तन्वी मॅडमने नवीन फोटो टाकला होता, पाच तारे दिले होते आणि हजारो लोकांनी तो बघितला होता. रूपालीने हसत हसत वाचलं. कोपरा कापून टाकला, दोनदा मशीनमध्ये धुतली, आमच्या कोकोला ती इतकी आवडली आहे की तो तिच्यावरून उठतच नाही.

"माय, बघ," आदर्शने मोबाइल तिच्या डोळ्यांपुढे धरला. त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी हसू होतं.

कोको काळा होता, चांगला वासराएवढा. जांभळ्या-पिवळ्यावर पाय पसरून झोपला होता. मोरपंखी साडीचा काठ त्याने चघळून चघळून लोंबता केला होता. कापलेल्या कोपऱ्याला टीप मारलेली होती. भागूबाईने एकदाच पाहिलं.

तिने विचारलं, "तिच्या अंगावर निजतंय का ते?"

मोबाइल सारखा वाजत होता. आदर्शने तो फोटो पहिल्या पानावर लावला. मेंदीचे हात गेले आणि कुत्रा आला. ऑर्डरी सुरू झाल्या, बंगळूरहून, पुण्याहून, इथल्याच मोठ्या सोसायट्यांतून. रूपाली वहीत उतरवून घ्यायची आणि खोलीभर ओरडून सांगायची. दोन त्रिवेणी लार्ज. एक त्रिवेणी स्मॉल, मांजरीसाठी. तीन त्रिवेणी, मीडियम. भागूबाई ते नाव ऐकत गज धरून कापड मापायची. लहान कुत्र्याला दोन हात, मोठ्याला साडेतीन. तिला दिवसाला दोन शिवाव्या लागत. सूर्यभान म्हणाला, काही म्हण, तुझ्या लेकीच्या नावाने घर उभं राहिलं. तो वाईट बोलला नाही. पण भागूबाईने त्या दिवशी त्याचे पाय चेपले नाहीत.

दिवाळीच्या आधी तन्वी मॅडमची परत ऑर्डर आली. दुसरं पिल्लू आणलं होतं. त्याला पांढरी पाहिजे, जुनी, मऊ, निळा काठ असला तर फार छान. आदर्शने कोठीचा बाजार दोनदा पालथा घातला. पांढऱ्या मिळाल्या त्या नायलॉनच्या. तो येऊन बसला आणि पेटीकडे बघायला लागला. रूपाली तर केव्हापासून बघत होती. पेटीला कुलूप होतं आणि किल्ली भागूबाईच्या गळ्यातल्या दोऱ्यात.

"माय, ही बाई नाराज झाली तर पुन्हा सगळं बसतं," आदर्श म्हणाला. "तिच्याच फोटोवर चाललंय आपलं. एक साडी तर हाय."

भागूबाईने त्याच्याकडे बघितलं, मग सूर्यभानच्या सुजलेल्या पायांकडे. नाही म्हटलं तरी तो नकार आपण नळावर जाईपर्यंतच टिकणार, हे तिला आता ठाऊक होतं. तिने दोरा मानेवरून काढला, पेटी उघडली आणि साडी बाहेर घेतली. रूपाली कात्री घेऊन पुढे झाली.

"हात लावू नको," भागूबाई म्हणाली. "मीच कापते."

तिने साडी मांडीवर घेतली, निळा काठ एकदा गालाला लावला आणि दाढेने धागा तोडून टर्रकन फाडली. अस्तर घातलं, थर लावले, काठाकाठाने धावदोरा घालत आली. पिल्लाचं माप दीड हात, दुपारपर्यंत झालं. पहिला कोपरा शिवला. दुसरा शिवला. तिसरा शिवला. रूपाली शेजारी उकिडवी बसून प्रत्येक कोपरा दोन बोटांत धरून दाबत होती. चौथ्याला भागूबाईचा डावा हात सवयीने मागे ताटलीकडे गेला आणि सकाळच्या भाकरीचा तुकडा घेऊन आला.

"आत्याबाई," रूपाली म्हणाली.

भागूबाईने हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. मग तो आपल्याच तोंडात टाकला, समोरचे दात नव्हते म्हणून बाजूच्या दाढांनी हळूहळू चावून गिळला आणि रिकामा कोपरा शिवायला घेतला.